पावडरचा डबा आणि रत्नागिरीच्या राजकन्या

आज सकाळी आमच्या घरात पावडरचा अख्खा डबा संपला. परवाच उघडलेला.

मी मागच्या पडवीत बांगडे साफ करत बसले होते. चिऊने गप्प बसावं म्हणून तिच्या हातात मोबाईल मीच दिला होता, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे खाली येऊन कोणी मला शहाणपण शिकवायला नको. अर्धा तास घरात चिडीचूप. पाच वर्षांचं पोर असलेल्या घरात शांतता म्हणजे काय, ते तुम्हाला माहीतच आहे. हात धुऊन आत गेले तर बाईसाहेब स्टुलावर चढून आरशासमोर उभ्या. तोंड, मान, हात, कोपरं, गुडघे, सगळं पांढरंफटक. मे महिन्यातला आपला घाम आणि त्यावर पावडर, म्हणजे कणीकच मळलेली. मला हसू फुटलं, फोटो काढणार होते. तेवढ्यात म्हणाली, "आई, आता झाले ना गो मी राजकन्या?"

फोटो नाही काढला.

मोबाईल बघितला. कसला तरी राजकन्येचा गेम. सुरुवातीला एक मुलगी असते, सावळी, केस विस्कटलेले, तोंड पाडून बसलेली. तिला क्रीम लावायचं, घासायचं, वरून पाणी ओतायचं, की ती उजळते. मग चांदण्या पडतात, टाळ्या वाजतात, मुकुट मिळतो. मी चिऊला मांडीवर घेतलं आणि विचारलं, ही कोण? त्या पडेल चेहऱ्याच्या मुलीवर बोट ठेवून म्हणाली, "मी." आणि ही नंतरची? "राजकन्या."

रडून नाही हो. आपलं नाव सांगावं इतक्या सहज सांगितलंन. रडली असती तर बरं झालं असतं.

तेव्हापासून डोकं फिरलंय. बांगड्यांचं तिखलं करायचं होतं, ते सासूबाईंनी केलं.

कोण बनवतं हे? कोणाला वाटतं की पाच वर्षांच्या पोरीच्या चेहऱ्यावर काहीतरी दुरुस्त करायचंय? आणि एवढ्यावर थांबत नाही. मागच्या आठवड्यात मुंबईहून सुट्टीला आलेल्या आत्येने राजकन्येचा सेट आणला. मुकुट, जादूची कांडी, खोटी लिपस्टिक आणि प्लास्टिकचे उंच टाचांचे बूट. पाच वर्षांच्या मुलीला उंच टाचा! ते घालून ही आमच्या चिऱ्याच्या पायऱ्या उतरायला गेली आणि गुडघा फोडून बसली. (वन्सं, वाचत असाल तर राग मानू नका, तुम्ही प्रेमाने आणलात. पण ते बूट मी माळ्यावर टाकलेत.) तोच गुडघा आज पावडरने भरलेला होता, खपलीसकट.

धंदा आहे सगळा. 1937 साली हिमगौरी पडद्यावर आली, नावापासूनच गोरी. पुढे 2000 सालाच्या सुमारास डिस्नेने आपल्या वेगवेगळ्या सिनेमांतल्या नायिका एका छत्रीखाली आणल्या, 'प्रिन्सेस' असं नाव दिलं आणि मग दप्तर, डबा, चादर, टूथब्रश, जिकडे तिकडे त्याच. आपल्याकडच्या जत्रेतल्या पालांवर त्यांच्याच नकला टांगलेल्या असतात, डोळे जरा तिरळे एवढाच फरक. कबूल, 2009 मध्ये त्यांनी काळी राजकन्याही आणली, टियाना. हिमगौरीनंतर 72 वर्षांनी. आणि तीही बिचारी अर्ध्याहून जास्त सिनेमाभर बेडकी होऊन उड्या मारते. आमच्या बाजारात मला तिची बाहुली कधी दिसलेली नाही.

आता कोणी म्हणेल, आपल्या सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांनी तरी काय शिकवलं, चूल आणि पोळपाटच ना? बरं बाबा, खरं आहे. पण भातुकली खेळताना मला कधी माझा रंग खरवडून काढावासा वाटला नव्हता.

हे लिहिलं आणि थांबले. कारण खोटं लिहिलं.

वाटायचा. मी शाळेत असताना गणपतीला घरी आलेली प्रत्येक बाई म्हणायची, "सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस आहे हो." त्या 'पण'ला मी साय-हळद लावून लावून थकले. चिऊच्या बारशाला तरी वेगळं काय झालं? पाळण्यात वाकून पहिला प्रश्न, रंग कोणावर गेलाय? पोटात होती तेव्हा मला केशर घातलेलं दूध कोणी पाजलं? माझ्याच आईने. आणि मी प्याले. तेव्हा एकट्या मोबाईलच्या नावाने खडे फोडण्यात अर्थ नाही. त्या गेमवाल्याने आमच्याच घरातलं उचललं आणि वर चांदण्या लावल्या.

पण तरीही चीड येते. येणारच.

दुपारी चिऊला न्हाऊमाखू घातलं आणि म्हटलं, चल, तुला खऱ्या राजकन्यांचं घर दाखवते. रिक्षा केली आणि थिबा पॅलेसवर गेलो. बाहेरच्यांसाठी सांगते: 1885 मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या थिबा राजाला गादीवरून उतरवलं आणि पुढच्या वर्षी इथे रत्नागिरीत आणून ठेवलं. हा वाडा तर त्याला 1910 मध्ये मिळाला, तोवर आयुष्य निघून गेलं होतं. 1916 मध्ये इथेच वारला. त्याला चार मुली. धाकटी तर रत्नागिरीतच जन्मली, म्हणजे आपल्यासारखीच रत्नागिरीकर.

चार राजकन्या, आमच्या गावात! आणि आम्ही तिथे जाऊन काय करतो, तर सूर्यास्ताबरोबर सेल्फी काढतो.

त्या चौघींना राजघराण्यातलाच नवरा हवा, असा आईबापांचा हट्ट. या कोपऱ्यात कुठून येणार राजपुत्र? कोणी आला नाही. मग थोरलीचं मन वाड्याच्या दरवानावर बसलं, गोपाळ सावंतांवर. दुसरीने पुढे वडिलांच्या जुन्या सेक्रेटरीबरोबर लग्न केलं. (गोपाळरावांचं आधीच लग्न झालेलं होतं, ते मी चिऊला सांगितलं नाही. एका दिवसात किती सांगायचं?) थोरलीला मुलगी झाली, टुटू. राजाच्या मृत्यूनंतर राणी आणि दुसरी सोडून बाकीच्या मुली परत ब्रह्मदेशात गेल्या, पण थोरली लेकीला घेऊन पुन्हा इथेच आली आणि 1947 मध्ये इथेच वारली. टुटू तर पुरती इथली झाली. मराठी बोलायची, इथेच संसार केला, शेणी थापून विकल्या, कागदाची फुलं करून विकली. रत्नागिरीतल्या जुन्या माणसांना ती आठवते. राजाची सख्खी नात!

मी हे फार गोड करून सांगतेय, मला कळतंय. ती गरिबी होती, हलाखी होती, त्यात कौतुक करण्यासारखं काही नाही. त्या बाईला कोणी विचारलं असतं तर तिने शेणीपेक्षा मुकुटच मागितला असता कदाचित. पण मला आज चिऊला दाखवायला कोणीतरी हवं होतं. सकाळपासून हवं होतं.

वाड्यात तिला रंगीत काचा आवडल्या. एका काचेतून पडलेला लाल उजेड हातावर घेऊन म्हणाली, "बघ, मी लाल झाले." मग दुसरीकडे जाऊन हिरवी झाली. मी दाराशी उभी राहून बघत राहिले. सकाळची ती पांढरी मानगूट डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

उतरताना विचारलंन, "टुटू गोरी होती?"

मी म्हटलं, मला नाही माहीत गो.

"तिचा फ्रॉक कसला होता?" तेही मला नाही माहीत. लुगडं नेसत असेल, म्हटलं. तिचा हिरमोड झाला. मग रिक्षात बसल्यावर बराच वेळ गप्प होती आणि मारुती मंदिराजवळ आल्यावर एकदम म्हणाली, "मला शेणी थापायच्यात. गुलाबी फ्रॉक घालून."

आता गोठा कुठे राहिलाय आमच्याकडे? सासऱ्यांनी शेवटची म्हैस विकून झाली बरीच वर्षं. शेजारच्या वाडीत विचारून ठेवलंय, उद्या शेण मिळेल म्हणाले. फ्रॉक आत्येनेच आणलेला आहे, त्याचं काय होणार ते दिसतंच आहे. गेम डिलीट केलाय. पावडरचा नवा डबा आणायचा की नाही, ते ठरत नाहीये. उकाडा तर आहेच, आणि उंच ठेवून उपयोग नाही, ती स्टूल सरकवते.