"लोकल देऊ का ओरिजिनल?"

दीड टन माल घेऊन माळशेज उतरणाऱ्या पिकअपचे ब्रेक पॅड आणि डिस्क घ्यायला जा, काउंटरवरचा माणूस एवढंच विचारतो. गाडी कुठे चालते, माल किती भरता, घाट आहे का सपाटी, जुने पॅड किती चालले, यातलं एक अक्षर नाही. चपला घ्यायला गेलं तरी पायाचं माप घेतात!

मागच्या मंगळवारी पहाटे नारायणगावहून वीस किलोचे सत्तर क्रेट टोमॅटो भरून कल्याणला निघालो. ओतूर मागे पडलं, घाट सुरू झाला आणि पेडल पायाखाली थडथडायला लागलं, स्टेअरिंगही हलायला लागलं. खाली पोचेपर्यंत केबिनमध्ये जळका वास. आता कृपा करून कोणी 'गियरमध्ये उतरवावी' हे शिकवू नका. चौदा वर्षं दुसऱ्या गियरमध्येच उतरवतोय.

चाक खोललं. डिस्कच्या काठाला नख अडकेल एवढी कड आलेली. डाव्या बाजूचा आतला पॅड पत्र्याला टेकायला आलेला आणि त्याच कॅलिपरचा, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीचा, बाहेरचा पॅड निम्मा शिल्लक. म्हणजे कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना जाम. त्या साफ करून ग्रीस लावल्याशिवाय सोन्याचे पॅड टाकले तरी आतला असाच संपणार. फिटरला दाखवलं तर म्हणाला, "होतं शेठ असं. पॅड टाका, डिस्क लेथवर घासून सपाट करून घ्या, डिस्कचे पैसे वाचतील."

कसे वाचतील? डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. माझ्या डिस्कवर २२ मिलिमीटर आहे. गंज खरवडला, जाडी मोजायचा व्हर्निअर लावला, भरली २२.३. दोन्ही बाजूंनी पाव-पाव मिलिमीटर उतरवलं तरी ती भंगारात गेली. पातळ डिस्क म्हणजे कमी लोखंड, कमी लोखंड म्हणजे तीच उष्णता घेऊन जास्त तापणार. ती उष्णता पॅडमध्ये, तिथून कॅलिपरमध्ये, तिथून ब्रेक ऑइलमध्ये. ऑइलला उकळी फुटली की पेडल थेट तळाला. तेव्हा पुढे एसटी असेल नाहीतर दरी. आणि याला म्हणायचं पैसे वाचले!

मग दुकानं फिरलो. चार दुकानं, चार भाव, चार ज्ञानं. एक म्हणतो सिरॅमिक पॅडच घ्या, धूळ होत नाही. अहो, मला धूळ नको म्हणून ब्रेक पाहिजेत का? दुसरा म्हणतो मेटॅलिक घेऊ नका, डिस्क खातं. तिसऱ्याने भोकं पाडलेली डिस्क दाखवली, गार राहते म्हणे. भरलेल्या गाडीत, सारख्या घाटात, त्या भोकांपासूनच तडे जातात. चौथ्याकडे 'ओरिजिनल'चा खोका होता, पण होलोग्राम निम्मा उचकटलेला. विचारलं तर "गोडाऊनमध्ये घासला असेल."

माझा खरा राग खोक्यावर आहे. चकचकीत खोका, वर लाल अक्षरात 'हेवी ड्युटी', आणि कामाची एकही गोष्ट नाही. बऱ्याच पॅडच्या कडेला किंवा पाठीवर एका लांब कोडच्या शेवटी दोन इंग्रजी अक्षरं असतात. पहिलं अक्षर पॅड गार असतानाची पकड सांगतं, दुसरं तापल्यावरची. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी त्याच्या वर. घाटात जीव असतो तो दुसऱ्या अक्षरावर. सपाटीवर झकास लागणारा पॅड चौथ्या वळणानंतर किती धरतो, ते तिथे लिहिलेलं असतं. माझ्यासमोर ठेवलेल्या तीन जोड्यांपैकी दोनांची पाठ कोरी, नुसता काळा रंग. तिसऱ्यावर अक्षरं होती, ती दाखवून विचारलं तर काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "दादा, ते कंपनीचं काहीतरी असतं."

कंपनीचं काहीतरी! युरोपात पिकअपला बदली पॅड विकायचा तर आर-९० या नियमाखालची मंजुरी लागते, त्याचं ब्रेकिंग मूळ पॅडच्या १५ टक्के आत-बाहेर आहे हे चाचणीत दाखवावं लागतं. आमच्या काउंटरवर मात्र चाचणी कोणाची, तर माझी, आणि तीही सत्तर क्रेट भरून.

आणि गॅरेजमधलं ते पोरगं. सोळा-सतरा वर्षांचं असेल. मागचा ड्रम काढला आणि हवेचा पाइप घेऊन आतली सगळी भुकटी फुर्रकन उडवली, तोंडावर रुमालसुद्धा नाही. केसांवर, पापण्यांवर करडी पूड. स्वस्तातल्या लायनरमध्ये, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या शूवरच्या पट्टीत, अ‍ॅस्बेस्टॉस आहे की नाही हे खोक्यावर लिहिलेलं नाही. असेल तर ती पूड फुप्फुसात जाऊन वीस-तीस वर्षांनी कॅन्सर करू शकते. मी ओरडलो तर मालक म्हणतो, "रोजचंच आहे त्याचं." रोजचं आहे म्हणूनच तर ओरडतोय ना! ओलं फडकं घेऊन पुसायला काय जातं?

शेवटी चॅसी नंबर सांगून दोन्ही पुढच्या डिस्क, दोन्ही बाजूंचे पॅड मागवले. तीन दिवस गाडी उभी, तीन खेपा बुडाल्या. हबवरचा गंज ब्रशने मी स्वतः घासला, कारण त्या गंजावर डिस्क तिरकी बसली की तेच थडथडणं परत. नव्या डिस्कवर गंजू नये म्हणून तेल असतं, ते पुसायलाही मीच सांगितलं. पहिले दोन-तीनशे किलोमीटर दणकून ब्रेक मारायचे नाहीत, पॅड बसू द्यायचे, हे ना दुकानदाराने सांगितलं ना फिटरने. "झालं शेठ, भरा माल," एवढंच.

नाही भरला. दोन दिवस रिकामी गाडी ओतूरपर्यंत नेऊन आणली, डिझेल माझं. सोमवारी मागचे शू टाकायचेत. म्हणजे परत तेच काउंटर, परत कोरी पाठ आणि परत तोच प्रश्न.