पाळी गेली म्हणजे इस्ट्रोजेन संपले?

स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारांबद्दल एक संदेश सध्या फिरतो आहे. पाळी कायमची गेल्यावर शरीरात इस्ट्रोजेन उरतच नाही, त्यामुळे पाच वर्षे लेट्रोझोल (गाठीला वाढवणारे इस्ट्रोजेन शरीरात बनू न देणारी गोळी) घेणे म्हणजे विनाकारण हाडे झिजवणे, असे त्यात म्हटले आहे. पाळी चालू असलेल्यांना डॉक्टर ही गोळी एकटी देत नाहीत, हा तिच्या निरुपयोगीपणाचा पुरावा म्हणून पुढे केला आहे.

पहिले विधान अर्धेच खरे आहे. अंडाशय थंडावतो, पण मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी अँड्रोस्टेनेडायोन हे पुरुषी संप्रेरक तयार करतच राहतात, आणि चरबीतले व स्नायूंतले अरोमाटेज हे एन्झाइम (लेट्रोझोल अडवते ते हेच) त्याचे इस्ट्रोन, म्हणजे इस्ट्रोजेनचाच एक प्रकार, बनवते. रक्तातला इस्ट्रोजेनचा आकडा त्यामुळे अगदी कमी दिसतो. गाठीतला मात्र त्याच्या अनेक पट असू शकतो. याचे कारण गाठीच्या शेजारीच सापडते. कर्करोगाच्या पेशी आणि भोवतीच्या दाहपेशी प्रोस्टाग्लँडिन ई२ हे दाहाशी संबंधित रसायन सोडतात, त्याने शेजारच्या चरबीच्या अपरिपक्व पेशींत सायक्लिक एएमपी हा पेशीच्या आतला संदेशवाहक रेणू वाढतो, आणि एरवी तिथे जेमतेम चालणारे अरोमाटेजच्या जनुकाचे प्रमोटर (जनुक चालू करणारे भाग) जोरात चालू होतात. शिवाय रक्तात फिरणाऱ्या इस्ट्रोन सल्फेट या इस्ट्रोनच्या निष्क्रिय रूपामधून सल्फाटेज हे दुसरे एन्झाइम इस्ट्रोन मोकळे करते ते वेगळेच. रक्ताच्या रिपोर्टवरून गाठीची स्थिती ठरवणे म्हणूनच चुकीचे आहे.

हाडांचा मुद्दा खरा आहे आणि तो झटकून टाकू नये. इस्ट्रोजेन घटले की हाडांची घनता घटते, सांधेही दुखतात. म्हणून हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करतात, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व देतात. पण हा दुष्परिणाम होतो तो गोळीने इस्ट्रोजेन खरोखर कमी केल्यामुळेच. जे शरीरात नव्हतेच, ते घटल्याने हाडे कशी झिजतील?

राहिला तो तथाकथित पुरावा. पाळी चालू असताना अरोमाटेज अडवले की इस्ट्रोजेन घसरते, मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी ते ताडते आणि एफएसएच हे अंडाशयाला चालना देणारे संप्रेरक वाढवते. एफएसएच अंडाशयात पुन्हा अरोमाटेज वाढवते आणि गोळीचा परिणाम बराचसा पुसला जातो. हीच २.५ मिलिग्रॅमची गोळी वंध्यत्वावरच्या उपचारांत पाच दिवस देऊन स्त्रीबीज तयार करवून घेतात, तेही याच उसळीच्या जोरावर. कर्करोगात मात्र ती उसळी नको असते. म्हणून तरुण रुग्णांना लेट्रोझोलसोबत गोसेरेलिनसारखी, अंडाशयाचे काम थांबवणारी इंजेक्शने देऊन अंडाशय शांत ठेवतात.