दारातला ट्रक आणि ०.८४ टक्के

चवथ जवळ आली की आमच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो: ‘गोव्यात गरीब फक्त ०.८४ टक्के, खुद्द नीती आयोग सांगतो. दरडोई उत्पन्नात आपण देशात वरच्या नंबरावर. मग गृह आधार घेणारे हे सगळे ढोंगी!’ गृह आधार म्हणजे गोवा सरकार गृहिणींना दर महिन्याला देतं ती मदत. यंदा हा मेसेज माझ्या मावसभावानेच पाठवला, म्हणून उत्तर देतो.

आकडा खोटा नाही. नीती आयोगाच्या बहुआयामी गरिबी निर्देशांकात गोवा ३.७६ टक्क्यांवरून ०.८४ वर आला, ही चांगलीच गोष्ट. पण हा निर्देशांक घरात पैसे किती येतात ते विचारतच नाही. तो बारा गोष्टी बघतो: पोषण, बालमृत्यू, शाळा, गॅस, संडास, पाणी, वीज, घर, बँक खातं वगैरे. प्रत्येकीचं वजन ठरलेलं, आणि उणिवांची बेरीज एक तृतीयांश भरली तरच घर गरीब. राहणीमानाच्या सात गोष्टींचं मिळून वजन बरोबर तेवढंच. म्हणजे आरोग्य-शिक्षणात घर ठीक असेल आणि या सातांपैकी सहा नसतील, नुसतं बँकेत खातं असेल, तरी ते गरिबांत धरत नाहीत. शिक्षणाचंही तसंच. आजी निरक्षर, आई चौथी, पण नात सहावी पास झाली की त्या रकान्यात अख्खं घर शिकलेलं!

मालमत्तेचा निकष तर आमच्या डिचोलीकडे, खाणींच्या भागात, येऊन बघावा. दारात कार किंवा ट्रक असला की त्या रकान्यात घर पास. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये खाणी पुन्हा बंद पडल्या, तेव्हापासून आमच्या वाड्यावरचा एक ट्रक माडाखाली उभा होता. ताडपत्री फाटली, टायर मातीत रुतले, एका पावसाळ्यात दोडक्याचा वेल थेट आरशापर्यंत चढला. मालक दुसऱ्याची रिक्षा चालवायचा आणि हप्त्याचं नाव काढलं की विषय बदलायचा. निर्देशांकाच्या लेखी तो ट्रक मालमत्ता. (दोडके आम्हीही खाल्ले. बरे होते.)

बरं, आकडा आजचाही नाही. तो ज्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातून आला त्यावर २०१९-२१ असं छापलेलं असलं, तरी गोवा पहिल्या टप्प्यात होता आणि तो टप्पा जानेवारी २०२० मध्ये संपला. करोनात किनाऱ्यावरचे शॅक, हॉटेलं, टॅक्सी ठप्प झाल्याचे दिवस त्यात नाहीतच.

खर्चाने मोजलं तर चित्र निराळं. गरिबी मोजण्याची पद्धत ठरवणाऱ्या तेंडुलकर समितीच्या हिशेबाने २०११-१२ साली गोव्यात ५.०९ टक्के गरीब निघाले होते. रेषा शहरात माणशी महिना ११३४ रुपये, गावात १०९०. दिवसाला छत्तीस रुपये आणि वर काही पैसे. गावात सदतीस रुपये खर्चणारा त्या वर्षी गरीब नव्हता! आणि हे ५.०९ तिकडच्या ०.८४ शेजारी ठेवून ‘गरिबी एवढी घटली’ म्हणायचीही सोय नाही. एक माप खर्चाचं, दुसरं उणिवांचं.

दरडोई उत्पन्नाबद्दल फार बोलत नाही. ती सरासरी आहे. औषध कारखान्याचा नफाही त्यात येतो आणि तो रिक्षावालाही.

राहिले ‘ढोंगी’. गृह आधार ही दारिद्र्यरेषेखालच्यांपुरती योजना कधी नव्हतीच. महागाईत घर चालवणाऱ्या बाईला ती महिना १५०० रुपयांचा हातभार. उत्पन्नाची अट एवढीच की नवरा-बायकोचं मिळून उत्पन्न वर्षाला तीन लाखांच्या वर नको, म्हणजे महिन्याला २५ हजार. त्यात बसणारी बाई पैसे घेते तेव्हा कुणाला फसवत नाही. खोटा दाखला जोडणारे असतील तर त्यांच्याबद्दल बोल, मीही बोलेन.

आणि भावा, तुझ्या थोरल्या वहिनीचा फॉर्म मीच भरून दिला होता. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी कचेरीत दोन खेपा झाल्या. तो मेसेज तिलाही गेलाय.