मुनियेची पाठ

पुण्यात टेकडीवर पक्षी बघायला उभं राहिलं की मागून एक काका येऊन तो ओळखून देतात, आणि दुसरे काका पहिल्यांचं कसं चुकलं ते सांगतात. मुनिया असेल तर दोघंही बरोबर असू शकतात. थव्यात बऱ्याचदा दोन-तीन जाती मिसळलेल्या असतात.

पुस्तकातली लाल मुनिया म्हणजे लालचुटूक अंगावर पांढरे ठिपके. हा थाट फक्त नराचा, आणि तोही विणीच्या हंगामात, पावसाळ्याच्या आसपास. वीण उरकली की हा गृहस्थ मादीसारखा तपकिरी होतो. चोचीचा लाल रंगही वर्षभर एकसारखा राहत नाही. म्हणून माझं सरळ मत आहे: मुनियेचं तोंड पाहू नका, पाठ पाहा. शेपटीच्या मुळाशी लाल दिसलं की मोठी लाल मुनिया, मग महिना कोणताही असो.

तिथे पांढरं दिसलं तर घाई नको. पोट मळकट पांढरं, शेपटी काळी नि टोकदार, चोच निळसर करडी असेल तर ती पांढऱ्या कंठाची. गळा-छाती गडद आणि त्याखाली एकदम पांढरं पोट असेल तर ती पांढऱ्या पाठीची. तिला शोधायला घाटाकडच्या झाडोऱ्यात जावं लागतं. ठिपकेवालीचा गळा चॉकलेटी, पोटावर खवल्यांची नक्षी. पण तिच्या पिल्लाला नक्षी नसते, ते नुसतं तपकिरी. ते कोणाच्या मागे मागे फिरतंय ते बघा, बहुतेकदा उलगडा होतो. सुगरणीची मादी आकाराने दीडपट, तिचा प्रश्न लगेच सुटतो.

खरी कसरत गवतात. दहा सेंटिमीटरचा पक्षी तुऱ्याला लटकून दाणे सोलत असतो आणि कॅमेरा पुढच्या पात्यावर फोकस धरतो. पातं झकास येतं. पाषाण तलावाला किंवा कवडीपाटला नदीकाठी सकाळी ऊन पाठीशी घेऊन उभं राहा, फोकस हाताने तुऱ्यांवर लावून ठेवा आणि हलू नका. उडालेला थवा पुष्कळदा त्याच गवतावर परततो. पाठलाग केलात तर पलीकडच्या काठावर. उडतानाचे फोटो धडाधड काढा. पाठ नेमकी तेव्हाच उघडी पडते.

एवढं करूनही कळलं नाही, तर ई-बर्ड या पक्षी-नोंदींच्या संकेतस्थळावरच्या यादीत नुसती ‘मुनिया’ अशी, जात न सांगता नोंद करता येते. पुण्यात हा पर्याय कुणी वापरताना दिसत नाही.