हर्नियाचे किती घेता, एवढंच विचारलं होतं

आज लिहिणार नव्हते, पण घरी आल्यापासून डोकं शांत होत नाहीये. लांब होणार आहे, ज्यांना वेळ नाही त्यांनी पुढे सरका.

दुपारी नाशिकला गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर साखरपुडा होता, आमच्याच नात्यातला. माझी भाची एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिला कुणीतरी सहज विचारलं काय चाललंय सध्या, तर ती हौसेने सांगायला लागली की आम्ही सात-आठ जणांनी एक वाचनगट केलाय, शनिवारी संध्याकाळी बसतो, दवाखान्यांच्या व्यवस्थेत बाजार किती हवा, सरकार किती हवं, खुली स्पर्धा आली तर पेशंटचं भलं होतं की वाटोळं, यावर वाचतो आणि भांडतो. अमेरिकेत मेडिकलच्या मुलांचे असे गट आहेत, बेंजामिन रश इन्स्टिट्यूट म्हणून आहे, ते कॉलेजात दोन्ही बाजूंची माणसं बोलावून वाद घडवतात, त्यावरून यांना सुचलं. बस एवढंच सांगत होती. तर समोर बसलेले आमच्या नात्यातलेच एक मोठे डॉक्टर, पानातून मान वर न करता म्हणाले, "म्हणजे डॉक्टर व्हायच्या आधीच धंदा शिकताय." अख्खी पंगत हसली.

पोरगी गप्प झाली ती झालीच. कार्य दुसऱ्याचं होतं म्हणून मी तिथे काही बोलले नाही, इथे बोलते.

कुणाला म्हणताय धंदा? ज्या मुलांनी अजून एक रुपया पेशंटकडून घेतला नाही त्यांना? शनिवारी संध्याकाळी कॉलेज रोडला हिंडायचं सोडून ही मुलं बसून वाचतायत की उपचाराचा खर्च कुणी द्यावा, किंमत कशी ठरावी, आणि ज्यांनी तीस वर्षं प्रॅक्टिस करून कधी दाराबाहेर दर लावला नाही ते त्यांना नीतिमत्ता शिकवणार.

अण्णांच्या हर्नियाचं सांगते. काहींना माहितीये, तरी परत सांगते.

माझे वडील, निफाड तालुक्यातले शेतकरी, जांघेतला हर्निया. डॉक्टर म्हणाले घाई नाही पण महिनाभरात उरकून घ्या. म्हणजे अपघात नाही, हार्ट अटॅक नाही, मध्यरात्र नाही. चांगला हातात वेळ होता. मुंबई नाक्यापासून गंगापूर रोडपर्यंत आपल्याकडे हॉस्पिटलांना काय तोटा आहे, म्हटलं चार ठिकाणी चौकशी करू. जिथे गेले तिथे काउंटरवर एकच प्रश्न विचारला, हर्नियाचे किती घेता. आणि सगळीकडे उत्तराच्या ऐवजी उलटा प्रश्न, "मेडिक्लेम आहे का?" का बाई? आहे म्हटलं तर वेगळा आकडा आणि नाही म्हटलं तर वेगळा? एके ठिकाणी सांगितलं आधी ऍडमिट करा मग सर सांगतील. एके ठिकाणी म्हणाले पन्नासच्या आसपास धरून चाला, तिथेच केलं शेवटी. बिल आलं लाखाच्या वर.

अण्णा बिलाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "कांद्याला भाव पडो, पण ट्रॉली खाली करायच्या आधी पुकारतात तरी."

आपल्या घरांमधे वेगळं सांगायला नको. आपल्यापैकी निम्म्यांचे बाप छातीवर लाल बिल्ला लावून शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या सभांना गेलेत, १९८० च्या ऊस-कांदा आंदोलनात रस्त्यावर बसलेत. भीक नको, हवे घामाचे दाम, हे आपण लहानपणी पाढ्यांच्या आधी ऐकलं. बाजार खुला हवा म्हणजे काय हे आपल्याला कुणी अमेरिकेतून सांगायची गरज नाही. लासलगावला व्यापारी शेतकऱ्याला किती नाडतो ते मला पक्कं माहितीये, खळ्यावर माल ओतला की वांधा काढतात, सगळं माहितीये. पण भाव चारचौघांत पुकारला जातो आणि पटला नाही तर ट्रॉली वळवून पिंपळगावला नेता येते. हॉस्पिटलात भाव पुकारत नाहीत आणि सलाईन लावलेला बाप वळवून दुसरीकडे नेता येत नाही. म्हणून जेव्हा कुणी म्हणतं ना की बघा, आरोग्याचा बाजार झाला म्हणून ही लूट आहे, तेव्हा माझं डोकं फिरतं. अहो बाजार कुठे झालाय? हॉस्पिटल खासगी आहे म्हणजे तिथे बाजार आहे असं नसतं. जिथे किंमत शेवटी कळते आणि तोपर्यंत दाराबाहेर पडता येत नाही, तिथे खरेदी होतच नाही, नुसती वसुली होते.

त्याच अण्णांचा मोतीबिंदू त्याच्या आधी झाला होता. फोनवर सांगितलं की हा लेन्स घेतला तर इतके, तो घेतला तर इतके, तपासणी आणि ड्रॉप त्यातच. कागदावर छापलेलं. दोन ठिकाणचे कागद अण्णांनी ओसरीवर बसून स्वतः शेजारी शेजारी ठेवून बघितले, आठवी शिकलेल्या माणसाने. डोळ्यावाल्यांना जमतं कारण तिथे लोक विचारतात, तुलना करतात, निघून जातात. मग पोटावाल्यांना का जमू नये? ओक्लाहोमामधे दोन भूलतज्ज्ञांनी १९९७ मधे सर्जरी सेंटर काढलं, ते ऑपरेशनचे सगळं धरून दर वेबसाइटवर टाकतात, हर्निया पण आहे त्यात. भाचीने मला फोनवर उघडून दाखवलं. मी अण्णांना दाखवलं नाही, उगाच परत जुनं निघालं असतं.

आता लगेच म्हणाल पेशंटला काय कळतं. बरोबर आहे, हे म्हणणं जुनंच आहे, केनेथ ऍरो नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९६३ मधे मोठा लेख लिहून हेच सांगितलं की आजारपण कधी येईल ठाऊक नसतं आणि डॉक्टरला जे कळतं ते पेशंटला कळत नाही, म्हणून इथे साधा बाजार चालत नाही. मान्य. अपघात झालेला माणूस कोटेशन मागत बसत नाही, हेही मान्य. पण गंमत म्हणजे हा ऍरो मला भाचीकडूनच कळला, त्यांच्या गटाने पहिला तोच वाचला. त्यानंतर मिल्टन फ्रीडमन, बाजाराच्या बाजूचा अर्थतज्ज्ञ, जो १९६२ मधेच म्हणून गेला की डॉक्टरकीच्या लायसन्समुळे डॉक्टरांची संख्या मुद्दाम कमी राहते. हे मला स्वतःला पटलेलं नाही, आपल्याकडे बोगस डॉक्टर काय कमी आहेत? भाचीलाही नाही पटलं. पण त्यांनी वाचलं, टाळलं नाही. पंगतीत हसणाऱ्यांनी दोघांपैकी एकाचं तरी पान उलटलंय का?

आणि अण्णांना जे नाही कळलं ते वैद्यकातलं नव्हतंच. हर्नियाच्या ऑपरेशनमधे जाळी कशी बसवतात हे त्यांना समजून नको होतं, ती केवढ्याला हे हवं होतं. बिलात मला सगळ्यात जास्त चीड आली ती खोलीची. जनरल वॉर्ड भरला होता म्हणून दोन खाटांची खोली घेतली, तर खोलीचं भाडं वाढलं ते ठीक, पण सर्जनची फी पण वाढली, भुलेची वाढली, ओटीचा म्हणजे ऑपरेशन थिएटरचा चार्ज वाढला. ओटी तीच, सर्जन तेच, जाळी तीच! खोलीतल्या एसीचा आणि टाक्याचा काय संबंध? विचारलं तर म्हणे सगळीकडे असंच असतं मॅडम. हो ना, सगळीकडे असंच असतं, तेच तर.

सांगता येत नाही म्हणतात, शरीर आहे, गुंतागुंत होऊ शकते. होऊ शकते. पण राज्य सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत हजाराहून जास्त उपचारांची पॅकेजं ठरलेली आहेत, एकेक ऑपरेशनचा आकडा लिहिलेला आहे, आणि खासगी हॉस्पिटलं त्या आकड्यावर ऑपरेशनं करतात. म्हणजे सरकार विचारतं तेव्हा सांगता येतं. विमा कंपनी विचारते तेव्हाही सांगता येतं. फक्त निफाडचा म्हातारा खिशातले रोख पैसे घेऊन विचारतो तेव्हा शरीराचा काही भरवसा नसतो. २०२१ पासून महाराष्ट्रात नर्सिंग होमच्या नियमांत दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लावा असं स्पष्ट आहे. मी अण्णांच्या वेळी रिसेप्शनच्या भिंती बघत फिरले, गणपती होता, डॉक्टरांचे सत्काराचे फोटो होते.

हृदयाच्या नसेत बसवतात त्या स्टेंटचं काढाल, काढाच. फेब्रुवारी २०१७ मधे सरकारने किमतीला मर्यादा घातली, साधी स्टेंट ७,२६० आणि औषधवाली २९,६०० अशी, आणि त्याआधी लोक लाख-सव्वा लाख मोजत होते. सरकार मधे पडलं म्हणून गरिबाचा जीव वाचला हे मी नाकारत नाही. कोविडमधे पण मे २०२० ला जनरल वॉर्डचे ४,००० आणि व्हेंटिलेटरचे ९,००० असे दर बांधले नसते तर काय झालं असतं ते आपण सगळ्यांनी बघितलंय, त्यावर वाद नाही घालत. पण स्टेंट एवढी महाग होती कशामुळे? टेबलावर झोपलेला माणूस स्टेंट निवडत नव्हता म्हणून. निवडणारा वेगळा, पैसे भरणारा वेगळा, आणि मधल्या मधे कट, म्हणजे कमिशन. २०१७ मधेच कट प्रॅक्टिसच्या विरोधात कायद्याचा मसुदा झाला होता, मसुदाच राहिला. कुणी अडवला ते मला माहीत नाही, पण त्यासाठी डॉक्टर मंडळी मोर्चा घेऊन निघालेली मी तरी पाहिली नाहीत.

जाऊ दे. सगळे डॉक्टर तसे नाहीत आणि माझा राग सगळ्यांवर नाही. सिन्नरला, घोटीला, दिंडोरीला दहा खाटांचं हॉस्पिटल चालवणारे आहेत, बँकेचा हप्ता, नर्स टिकत नाही, एक पेशंट गेला की काचा फुटतात, त्यांचंही मला दिसतं. योजनेचे पैसे वेळेवर येत नाहीत म्हणतात, तेही खरं असेल. माझं म्हणणं, दर उघडे केले तर याच माणसांचा फायदा आहे. जो स्वच्छ काम करून कमी घेतो तो आज कुणाला दिसतच नाही, दिसतं ते संगमरवराचं रिसेप्शन.

परवा भाची मला अरविंदचं सांगत होती, मदुराईच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलचं. डॉ. वेंकटस्वामींनी निवृत्तीनंतर १९७६ मधे ११ खाटांवर सुरू केलं, पैसेवाल्यांनी द्यावेत, ज्यांच्याकडे नाहीत त्यांचं फुकट, ऑपरेशन तेच. पुढे परदेशी लेन्स परवडेना म्हणून १९९२ मधे स्वतःचा कारखाना काढला आणि लेन्सची किंमत पार खाली आणली. सांगताना तिचा चेहरा असा होता ना, की मला एकदम ती लहानपणी अण्णांच्या मागे द्राक्षबागेत प्रश्न विचारत फिरायची ते आठवलं. आत्या, हे सरकारी नाही आणि लुटारू पण नाही, मग हे काय आहे, असं विचारत होती. मला उत्तर आलं नाही. सिंगापूरबद्दल पण सांगितलं, तिथे १९८४ पासून प्रत्येकाच्या पगारातून दवाखान्यासाठी स्वतःचं खातं असतं, पण मोठी हॉस्पिटलं मात्र बरीचशी सरकारीच. म्हणजे मुलांना कळतंय की हे इतकं सोपं नाही. कळतंय म्हणूनच वाचतायत.

अख्ख्या महाराष्ट्राचं आरोग्य विद्यापीठ आपल्या म्हसरूळला आहे, १९९८ पासून, राज्यातल्या बहुतेक मेडिकल कॉलेजांच्या परीक्षा तिथून होतात. ती म्हणते आत्या, आम्हाला औषधाचा डोस, साइड इफेक्ट, सगळं तोंडपाठ लागतं, पण ते औषध केवढ्याला मिळतं हे आजपर्यंत तोंडी परीक्षेत कुणी विचारलं नाही. हे ऐकून मला त्या पंगतीतल्या हसण्याचा परत राग आला. सरकारी हॉस्पिटल चांगलंच झालं पाहिजे, गरिबाचं बिल समाजानेच भरलं पाहिजे, यात आपल्यात कुणाचं दुमत असेल असं मला वाटत नाही. पण त्यासाठी किंमत झाकून ठेवायची काय गरज आहे?

माझ्या लिस्टमधे बरेच सर्जन आहेत, मित्र म्हणूनच आहेत. खाली कमेंटमधे लिहा, एका बाजूचा हर्निया, जाळीसकट, जनरल वॉर्ड, सगळं धरून किती. गुंतागुंत झाली तर वेगळे हेही लिहा, कुणी भांडणार नाही. आणि ज्यांना त्या मुलांचं वाचन म्हणजे धंदा वाटतो त्यांनी शनिवारी येऊन त्यांच्यासमोर बोला, जागा आणि वेळ मी भाचीला विचारून कळवते. ती म्हणते विरोधातले जास्त हवेत.