वय वर्षे त्रेचाळीस, प्रदेश सांगली

माझी जन्मतारीख त्या दुकानाला एव्हाना पाठ व्हायला हवी होती, पण नाही, दर वेळी विचारतात. दिवस निवडा, महिना निवडा, मग सालासाठी खाली खाली खाली जात राहायचं, मधे दोन पिढ्या मागं पडतात तेव्हा कुठं आपलं साल येतं. अरे, ज्याला एवढा अंगठा झिजवावा लागतो तो लहान नाही हे तिथंच कळायला नको का? तर ते नाही. आणि एवढं सगळं भरून घेऊन, पैसे घेऊन, वर सांगतात की तुम्हाला हे मिळणार नाही.

दुकान म्हणजे गेम विकणारं ऑनलाइन दुकान. नाव घेत नाही, उगाच कशाला. गेम मोठ्यांसाठीचा. आता मोठ्यांसाठीचा म्हटलं की लोकांच्या चेहऱ्यावर जे येतं ते मला माहिती आहे, म्हणून सांगूनच टाकतो: त्यात खून आहेत, दारू आहे, राजकारण आहे, एक घटस्फोट आहे, आणि हो, तसलं पण आहे. थोडं. कथेची गरज म्हणून. नाव मात्र सांगणार नाही, कारण सासरेबुवा फेसबुकवर माझं सगळं वाचतात आणि बदामसुद्धा टाकतात.

सेल लागला, साडेचौदाशेचा गेम साडेचारशेवर आला. वॉलेटमध्ये पाचशे भरले कारण त्याच्या खाली भरूच देत नाहीत. ओटीपी आला, पैसे गेले, खरेदीचं बटण दाबलं आणि समोर पाटी: हा आयटम सध्या तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही. म्हणजे पैसे घेईपर्यंत माझा प्रदेश चालत होता.

नेमके त्याच वेळी आण्णा घरात आलेले.

आण्णा खालच्या मजल्यावर राहतात. एसटीत कंट्रोलर होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली पण आवाज अजून स्टँडवरचाच आहे, जिन्यात खोकले तरी वाटतं मिरज गाडी लागली. हयातीचा दाखला काढायला आले होते. पेन्शनवाल्यांना वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत हे कळवावं लागतं, आता ते मोबाईलवरून होतं, चेहरा चौकटीत धरायचा आणि डोळ्यांची उघडझाप करायची. आण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून ते शक्यतो डोळे मिटत नाहीत, पैसे घातलेत म्हणतात. त्यामुळं अ‍ॅप सारखं ‘डोळे मिचकावा’ म्हणत होतं आणि आण्णा मोबाईलला दरडावून विचारत होते, ‘तुझ्याम्होरं बसलोय ते काय भूत हाय व्हय?’

शेवटी कसाबसा एकदा डोळा लवला आणि आण्णा सरकारदरबारी जिवंत ठरले. मग त्यांचं लक्ष माझ्या स्क्रीनकडं गेलं.

‘हे काय लाल लाल आलंय?’

‘काही नाही आण्णा, एक वस्तू घेत होतो, आपल्या प्रदेशात मिळत नाही म्हणतायत.’

बस्स. मी ‘प्रदेश’ हा शब्द उच्चारायला नको होता, कारण एसटीच्या माणसाला प्रदेश म्हटलं की नकाशा दिसतो. आण्णा खुर्ची ओढून बसले. चष्मा पुसला.

‘आपला पुणे प्रदेश. पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर. म्हंजे कोल्हापूरला चौकशी करून उपयोग न्हाय, तितंबी न्हाय मिळणार. सोलापूरबी गेलं.’ हे त्यांनी इतक्या गंभीरपणानं सांगितलं की क्षणभर मला सोलापूरकरांबद्दल वाईट वाटलं. ‘संभाजीनगर प्रदेश येगळा, पण तितं आपलं कोण न्हाय. थांब.’ विचार केला. ‘निपाणी!’

‘आण्णा, ते इंटरनेटवरचं आहे...’

‘निपाणीला माझा साडू हाय. प्रदेश सोड, राज्यच येगळं. तितं कोण आडवणार?’

मी सांगायला लागलो की प्रदेश म्हणजे इथं देश असतो, ती वस्तू हातात घेता येत नाही, ती डाउनलोड होते. आण्णा म्हणाले, ‘व्हय की, उतरवून घ्यायची.’ आणि फोन लावला. स्पीकरवर. आण्णा फोन कानाला लावत नाहीत, रेडिएशन असतं म्हणतात, त्यामुळं त्यांच्या घरातले सगळे मानपान आणि भांडणं बिल्डिंगला तोंडपाठ आहेत.

‘हां, ऐक. तितं व्हिडिओ गेम मिळतोय काय बघ. ... न्हाय न्हाय, नातवाला न्हवं. वरच्या मजल्यावरच्या पोराला. ... त्रेचाळीस. ... आता आवड असती एकेकाला. मोठ्यांचाच पायजे म्हणतोय.’

मी असं काहीही म्हटलं नव्हतं. स्क्रीनवर अठरा अधिकचा लाल गोल होता, तो त्यांनी वाचला होता.

पलीकडून साडूंचा आवाज आला, ‘मोठ्यांचा म्हंजे कसला?’

आण्णांनी माझ्याकडं बघितलं. ‘कसला रं?’

स्वयंपाकघरातला मिक्सर थांबला. दाण्याचा कूट अर्धवट सोडून मिक्सर थांबतो तेव्हा घरातल्या बाईला उत्तर ऐकायचं असतं, हे ज्यांची लग्नं झालीत त्यांना माहिती आहे.

‘गोष्टीचा आहे,’ मी म्हणालो.

‘गोष्टीचा हाय म्हणतोय.’

‘गोष्टी तर बारक्या पोरांच्या असत्यात की.’ साडू माणूस तर्कशुद्ध. ‘मोठ्यांची कसली गोष्ट?’

‘मोठ्यांची कसली गोष्ट, विचारतोय.’

बायको दारात येऊन उभी राहिली आणि ओढणीला हात पुसत म्हणाली, ‘सांगा की, आम्हाला पण कळू दे.’ मी म्हणालो, एका माणसाचा घटस्फोट होतो आणि मग त्याच्या गावात खून होतो. हे अगदी खरं आहे. आण्णांनी ते जसंच्या तसं निपाणीला कळवलं आणि साडू म्हणाले, ‘मग त्येला गेम कशाला पायजे, आमच्या गल्लीत येऊन ऱ्हा म्हणावं.’

आमच्या ऑफिसातल्या एका पोरानं सुचवलेला व्हीपीएनचा उपाय मी मधेच आण्णांना सांगितला, विषय बदलावा म्हणून. म्हटलं, सांगलीत बसून नेदरलँडमध्ये आहे असं दाखवता येतं. पण सापडलं तर दुकान खातं बंद करतं आणि आधी घेतलेले सगळे गेम जातात. आण्णा एकदम ताठ झाले. ‘गाडी डेपोत आनि रजिस्टरला विट्याला गेली म्हणून नोंद? आसल्याला मी सोडत नव्हतो.’ झालं, व्हीपीएन बाद.

ते गेल्यावर मी खरंच चिडलो, आणि आण्णांवर नव्हे. चिडलो याच्यावर की मला अडवलं कुणी हेच कळत नाही. अठराव्या वर्षापासून मी मत देतोय. चुलतभावाच्या ट्रॅक्टरला जामीन राहिलोय, तेव्हा बँकेनं नुसती सही बघितली. घराचा हप्ता चालू आहे. २०१९च्या पुरात घरातलं सामान माळ्यावर चढवताना मी मोठा माणूस होतो. आणि साडेचारशे रुपयांच्या गेमला मी कोण, तर ‘तुमचा प्रदेश’.

सिनेमाला सेन्सॉर बोर्ड आहे. त्याला वाटेल तेवढ्या शिव्या घाला, पण त्याला दार आहे, टेबल आहे, ते ‘ए’ देतं, आणि नाही दिलं तर कोर्टात जाता येतं. नाटकाला आपल्याकडं परिनिरीक्षण मंडळ आहे, आणि हे मी त्या गावात बसून लिहितोय जिथं १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटक उभं केलं, त्यामुळं मंडळाबद्दल इथं प्रत्येकाचं एक मत आहे आणि ते मागितल्याशिवाय मिळतं. व्हिडिओ गेमला सेन्सॉरसारखं सरकारी मंडळच नाही. कुणालाही वाटेल, मग मोकळं रान! उलटं आहे. मंडळ नाही म्हणजे ‘ए’चा शिक्का मारायलाच कुणी नाही, आणि आयटी कायद्याचं कलम ६७ मात्र आहे: अश्लील काही इलेक्ट्रॉनिक रूपात प्रसिद्ध केलं किंवा पाठवलं तर पहिल्याच वेळी तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. अश्लील म्हणजे कुठवर ते कोर्ट ठरवणार, नंतर. मग कुठल्यातरी काचेच्या बिल्डिंगमधला दुकानाचा वकील कशाला डोकं लावेल? यादीतून भारत काढला की काम झालं. त्याला कोण विचारतंय, मी?

हे काही आजचं नाही. २००८ साली मायक्रोसॉफ्टनं फॉलआउट ३ हा गेम एक्सबॉक्ससाठी भारतात आणायचाच नाही असं ठरवलं. कारण काय, तर सांस्कृतिक संवेदनशीलता. नेमकी कुठली, ते सांगितलं नाही. मग लोकांनी आपापले अंदाज बांधले, कारण त्या गेममध्ये दोन तोंडांच्या गाई आहेत आणि त्यांना नाव दिलंय ब्राह्मिन. आता यावर इथं कुणाच्या भावना किती दुखल्या असत्या देव जाणे, पण ज्यांच्या दुखायच्या होत्या त्यांना कुणी विचारलं? आधीच दुखल्या असं धरून माल परत. मला तर वाटतं आपल्या सदाशिव पेठेतल्या लोकांनी दोन तोंडं हे कौतुक म्हणून घेतलं असतं.

आणि रक्त! पब्जीवर २ सप्टेंबर २०२० ला बंदी आली, एका झटक्यात ११८ अ‍ॅप गेली, त्यात ते गेलं. मग २०२१ मध्ये तेच बीजीएमआय म्हणून परत आलं तर गोळी लागल्यावर रक्त हिरवं. माझा भाचा मन लावून माणसं मारायचा आणि सगळीकडं पालकाचा रस सांडायचा. रक्त लाल असतं हे त्याला गुडघा फुटला तेव्हाच कळलं होतं, पण असो, संस्कार.

बरं, नुसतं आपलंच असं म्हणावं तर तेही नाही. ऑस्ट्रेलियात २०१३ उजाडेपर्यंत गेमसाठी अठरा-वरचा वर्गच नव्हता, पंधराच्या वरचं काही असलं की सरळ नाकारायचे. जर्मनीत स्टीम या ऑनलाइन गेम दुकानात निव्वळ प्रौढांसाठीचे गेम २०२०च्या डिसेंबरपासून दिसत नाहीत, कारण वयाची खात्री करायची जी पद्धत तिथल्या कायद्याला चालते ती दुकानाकडं नाही. पण त्यात निदान कायदा दिसतो, माणूस त्या कायद्याला नावं ठेवू शकतो. माझं डोकं फिरलं ते २०२५च्या जुलैतल्या प्रकारानं. ऑस्ट्रेलियातल्या एका संघटनेनं पैसे फिरवणाऱ्या कंपन्यांकडं तक्रारी केल्या, त्यानंतर स्टीमनं बरेच गेम काढले आणि इच डॉट आयओ या दुसऱ्या गेम दुकानानं तर प्रौढांचे सगळेच गेम शोधातून गायब केले. यावर मास्टरकार्ड म्हणालं, आम्ही कुठल्याही गेमबद्दल काही सांगितलेलं नाही. स्टीमवाले वाल्व्ह म्हणाले, मधल्या पेमेंटवाल्यांनी आणि बँकांनी मास्टरकार्डच्याच नियमावर बोट ठेवलं. म्हणजे हा म्हणतो मी नाही, तो म्हणतो यानं, आणि गेम तेवढा गेला. तहसीलला चकरा मारलेल्या माणसाला यात नवीन काही वाटणार नाही, पण तहसीलला निदान क्लार्क दिसतो, जेवायला गेला असला तरी त्याची खुर्ची दिसते.

मधल्या काळात निपाणीहून वस्तू आली. साडूंनी खरंच दुकानात जाऊन घेतली होती आणि भाच्याबरोबर पाठवली. विटा पडतात तो हातातला गेम, ९९९९ इन वन, सोबत दोन पेन्सिल सेल. खोक्यावर एक हसरं अस्वल आणि खाली ३+. आण्णा म्हणाले, ‘तीन अधिक हाय, तुला चालंल.’ साडेतीनशे झाले. रोख दिले.

आता राहिले वॉलेटमधले पाचशे. दुकानाच्या चॅटवर गेलो. एक बाई आल्या, म्हणजे नाव आणि फोटो बाईंचा होता. मी विचारलं, कुठल्या नियमामुळं मिळत नाही? त्या म्हणाल्या, आम्ही आपली निराशा समजू शकतो. मी म्हटलं, निराशा राहू दे, नियम सांगा. आपल्या प्रदेशात लागू असलेल्या नियमांमुळे. अहो पण कुठला? प्रदेशानुसार उपलब्धता बदलू शकते. मग माझे पैसे परत करा. आपली रक्कम आपल्या वॉलेटमध्ये सुरक्षित आहे. सुरक्षित! माझ्यापासून सुरक्षित आहे, दुसऱ्या कुणाचा तिच्यावर डोळाच नव्हता.

वर शिफारस केली. तुम्हाला हे आवडू शकेल म्हणून एक शेतीचा गेम दाखवला, सगळ्या वयोगटांसाठी. सकाळी उठायचं, झारीनं पाणी घालायचं, सलगम उपटून बाजारात न्यायचे. माझ्या चुलत्यांची तासगावला द्राक्षबाग आहे. अवकाळी पाऊस, औषधांची उधारी, माल घेऊन चेक न वटलेले दलाल हे सगळं बघत मी वाढलो, आणि कळायला लागल्यावर पहिली गोष्ट केली ती म्हणजे शेतीपासून लांब पळालो. आता पाचशे रुपये देऊन मी झारी धरू? आणि तिथं म्हणे लाइट जातच नाही. असल्या खोट्या गोष्टी लहान मुलांना दाखवायला चालतात.

शेवटी चॅटवर विचारलं, बाई, प्रदेश बदलायचा असेल तर काय लागतं? लगेच उत्तर आलं, हे मात्र त्यांना स्पष्ट माहिती होतं: दुसऱ्या देशातलं कार्ड आणि तिथल्या पत्त्याचा पुरावा.

हे मी आण्णांना सांगितलेलं नाही. सांगितलं तर संध्याकाळपर्यंत साडूंचं लाइट बिल घेऊन वर येतील.