जपानचे रस्ते ओल्या गाळावर उभे नाहीत

‘जपानमध्ये सांडपाण्याचा गाळ सरळ रस्त्याच्या भरावात ओततात, आपणही तेच करावं’ असा मजकूर फिरतोय. हे अर्धसत्य आहे. यंत्राने पिळलेल्या गाळातही साधारण ७५ ते ८० टक्के पाणीच उरतं, वर त्यातले सेंद्रिय पदार्थ कुजत राहतात. असा भराव खचणारच. तिथे बराचसा गाळ ८०० अंशांच्या आसपास जाळतात. वापर होतो तो मुख्यतः राखेचा, सिमेंट, विटा आणि रस्त्याच्या थरांत. जंतू मरतात, जड धातू मात्र जळत नाहीत. ते पाण्यात झिरपतात का, हे तपासावंच लागतं. ही धास्ती पोकळ नाही बरं का: अणुभट्टीच्या अपघातानंतर, मे २०११ मध्ये फुकुशिमातल्या कोरियामा शहराच्या गाळात किरणोत्सारी सीझियम सापडलं, तोवर त्यातला काही गाळ सिमेंट कारखान्यात पोचलाही होता.